पोळी रयतेची, टाळी सरकारची!

ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, अशी आपल्याकडे म्हण आहे. ही म्हण जगांत सगळीकडे चालते. चालत नाहीं ती एका ठिकाणीं, सरकारी रेडिओच्या इमारतींत. तेथें पोळी खाल्ली जाते रयतेची आणि टाळी वाजते दिल्लीच्या गादीसाठीं. गादीवर कोणीही बसो, पक्ष कोणताही असो, टाळीचा ताल तोच. आणि इतकें करून वर तक्रार ही कीं, लोक हल्लीं रेडिओ ऐकत नाहींत, लोकांची अभिरुचि बिघडली, खेडवळांना मोबाइलचें वेड लागलें! शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, या तक्रारीचा आज आम्हांला समाचार घ्यावयाचा आहे.

प्रथम पोळीचा हिशेब पाहूं. पूर्वी घरांत रेडिओ ठेवायचा तर पोस्टांत जाऊन परवान्याचे पैसे भरावे लागत. १९८५ च्या सुमारास तो परवाना गेला. पण आपला खिसा मोकळा झाला नाहीं. आगपेटीपासून ट्रॅक्टरच्या टायरपर्यंत प्रत्येक जिनसेवर आपण कर भरतों, त्यांतूनच हें खातें पोसलें जातें. २०२३ च्या जानेवारींत केंद्र सरकारनें आकाशवाणी व दूरदर्शन यांच्या सुधारणेसाठीं २५३९ कोटींवर रुपये मंजूर केले. हा पैसा कोणा मंत्र्याच्या आजोबानें परसांत पुरून ठेवलेला नव्हता. तो तुमचा आहे. म्हणून त्या पेटींतून काय वाजावें, हें विचारण्याचा हक्कही तुमचाच आहे.

आतां आपल्या नागपूरचीच गोष्ट घ्या. येथील केंद्र १६ जुलै १९४८ रोजीं सुरू झालें. तेव्हां हें शहर मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होतें. एकीकडे कापसाचा वऱ्हाड, दुसरीकडे धानाची झाडीपट्टी, शहरांत गिरणीचा कामगार आणि हातमागावर बसलेला कोष्टी. असा सारा समाज केंद्राच्या दारांत उभा होता. याच्या धंद्याची रीतच अशी कीं, हात गुंतलेले पण कान मोकळे. माग चालविणारा, विड्या वळणारी, चाकावर गाडगें घडविणारा, निंदणाला गेलेली बाई, यांना पाहत बसायला वेळ नाहीं, ऐकायला मात्र सारा दिवस आहे. असा श्रोता लाभला तर त्याला डोक्यावर घ्यावें. व्यापाऱ्यांनीं घेतलाही. १ नोव्हेंबर १९६७ रोजीं विविध भारतीवर जाहिराती घेण्याचा प्रयोग देशांत प्रथम सुरू झाला, तो मुंबई, पुणें व नागपूर येथें. साबण विकणाऱ्याला नागपूरकडचा श्रोता दिसला. कार्यक्रम ठरविणाऱ्या साहेबाला मात्र तो दिसला नाहीं.

हा श्रोता आपण होऊन उठून गेला, असें जे म्हणतात ते इतिहास लपवितात. त्याला तीन वेळां उठवून दिलें आहे.

पहिल्या वेळीं त्याला सोंवळ्यानें उठविलें. १९४० सालीं रेडिओवरून पेटी हद्दपार झाली. भजनी मंडळाची पेटी, जलशाची पेटी, फडाची पेटी, सगळ्यांना एकच न्याय! कारण काय, तर पेटींत श्रुति नीट लागत नाहींत, मींड निघत नाहीं. हें म्हणणें गवयापुरतें खरें असेल. पण गांवच्या भजनाला सुराचें दुसरें साधन कोणतें होतें? तंबोरा आणि सारंगी कोणा कुणब्याच्या, कोणा तेल्याच्या ओसरींत टांगलेली होती? इंग्रजाच्या अमदानींतला हा हुकूम स्वराज्य आल्यावरही तेवीस-चोवीस वर्षें पाळला गेला. १९७१ च्या सुमारास तो कांहींसा सैल झाला. तशीच दुसरी गोष्ट. सरदार पटेल खात्याचे मंत्री असतां, ज्यांची खाजगी वागणूक लोकनिंदेचा विषय झाली आहे अशांना रेडिओवर घेऊं नये असें ठरलें. घाव बसला तो कलावंतिणींच्या घराण्यांवर. ज्यांच्या गळ्यांत पिढ्यान्‌पिढ्यांचें गाणें होतें त्यांना दार बंद. आणि ज्यांनीं रात्र-रात्र बसून त्यांच्या मैफिली ऐकल्या त्यांना चारित्र्याचा दाखला कोणींच मागितला नाहीं!

मग १९५२ सालीं बाळकृष्ण विश्वनाथ केसकर मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत राहिले. शास्त्रीय संगीताला त्यांनीं आश्रय दिला, हें आम्ही नाकारीत नाहीं. गवयांना मासिक पगार मिळाला, हें चांगलेंच झालें. पण त्याच झपाट्यांत सिनेमाच्या गाण्यांवर अशी कात्री चालली, सिनेमावाल्यांशीं असा तंटा झाला, कीं कांहीं वर्षें तीं गाणीं आकाशवाणीवरून जवळजवळ नाहींशींच झालीं. लोकांना काय आवडावें हें लोकांनीं ठरवायचें नाहीं, तें वरून ठरवून द्यायचें! याच दहा वर्षांत दिल्लीस शेतकी खातें आमचे पंजाबराव देशमुख संभाळीत होते. एकाच मंत्रिमंडळांत एक मराठी माणूस कुणब्याच्या शेताची चिंता वाहत होता आणि दुसरा त्याच्या कानाला वळण लावीत होता. कुणब्यानें काय केलें? त्यानें वाद घातला नाहीं, अर्ज केला नाहीं. सुईचा कांटा फिरविला. १९५२ च्या डिसेंबरांत सिलोन रेडिओवर अमीन सयानी यांचा ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाला आणि हिंदुस्थानचा श्रोता समुद्रापलीकडे गेला. दांतांची पेस्ट विकणाऱ्या कंपनीला जें कळलें तें सरकारला कळायला पांच वर्षें लागलीं. १९५७ च्या ऑक्टोबरांत विविध भारती निघाली, ती या पळालेल्या श्रोत्याला परत आणण्यासाठीं. म्हणजे विविध भारती ही कोणाची मेहेरबानी नव्हे. ती लोकांनीं कांटा फिरवून जिंकलेली जागा आहे.

दुसऱ्या वेळीं श्रोत्याला सत्तेनें उठविलें. जून १९७५ मध्यें आणीबाणी आली. करमणुकीच्या कार्यक्रमांत राजकारण नसतें, असें म्हणणाऱ्यांनीं या दोन वर्षांकडे डोळे उघडून पाहावें. किशोरकुमार हा खांडव्याचा, म्हणजे जुन्या मध्यप्रांतांतला आपलाच गडी. सरकारच्या वीस-कलमी कार्यक्रमाचा डंका वाजविण्यासाठीं सिनेमावाल्यांना हांक गेली. त्यानें मान हलविली नाहीं. लागलीच ४ मे १९७६ पासून त्याचीं गाणीं आकाशवाणीवरून बंद! खात्याचे मंत्री होते विद्याचरण शुक्ल, तेही जुन्या मध्यप्रांतांतल्या रायपूरचे. पुढें शहा आयोगानें हें प्रकरण चव्हाट्यावर आणलें. त्या गाण्यांत सरकारविरुद्ध एक अक्षर नव्हतें. प्रेमाचीं, विरहाचीं, हंसण्या-खिदळण्याचीं गाणीं तीं! पण गाणाऱ्यानें मुजरा केला नाहीं, म्हणून कोट्यवधि लोकांच्या फर्माइशी एका सहीनें रद्दींत गेल्या. शिक्षा गाणाऱ्याला झाली म्हणतात. आम्ही म्हणतों, शिक्षा ऐकणाऱ्याला झाली.

रेडिओचें धाकटें भावंड दूरदर्शन, त्यानें तर कमाल केली. ६ फेब्रुवारी १९७७ रोजीं दिल्लींत विरोधकांची मोठी सभा होती आणि तींत जगजीवनराम बोलणार होते. लोकांनीं घरांतच बसावें म्हणून त्या दिवशीं ‘बॉबी’ हा गाजलेला सिनेमा दाखविण्यांत आला. लोकांनीं सिनेमा टाकला आणि सभा गांठली. चांभाराच्या घरीं जन्मलेल्या पुढाऱ्याचें भाषण ऐकायला लोक चालत येतात आणि फुकटचा सिनेमा रिकाम्या खुर्च्यांना दाखवावा लागतो, यांत शहाण्याला सगळें कळावें.

तिसरी हकालपट्टी आज चालूं आहे. पक्ष बदलला, कालचे विरोधक आजचे धनी झाले, टाळी मात्र जुनीच. ३ ऑक्टोबर २०१४ हा विजयादशमीचा दिवस. त्या दिवशीं पंतप्रधानांची ‘मन की बात’ आकाशवाणीवर सुरू झाली, आणि त्याच दिवशीं आमच्या नागपुरांतून रेशीमबागेंतलें सरसंघचालकांचें भाषण दूरदर्शननें देशभर थेट दाखविलें. विजयादशमीला याच नागपुरांत दीक्षाभूमीवर लाखोंचा जनसागर लोटतो, हें जगाला ठाऊक आहे. सरकारी प्रक्षेपणाच्या तराजूंत एका संघटनेच्या पुढाऱ्याचें भाषण राष्ट्राचा कार्यक्रम ठरतें, हें कोणत्या मापानें? पंतप्रधानांनीं लोकांशीं बोलूं नये, असें आम्ही म्हणत नाहीं. पूर्वीचेही बोलले, पुढचेही बोलतील. पण संवाद म्हटला कीं दोन तोंडें व दोन कान लागतात. येथें समोरची खुर्ची कायमची रिकामी! त्यांतच खाजगी एफ.एम. वाल्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाहीं. आकाशवाणीच्याच बातम्या जशाच्या तशा ऐकवाव्या लागतात. दुसऱ्याचें तोंड बांधून ठेवायचें आणि आपण एकसुरी बोलायचें, हा कुठला न्याय?

आणि याचें फळ काय? प्रसार भारतीनें रोहतकच्या व्यवस्थापन-संस्थेकडून जी पाहणी करविली ती २०२३ च्या एप्रिलांत प्रसिद्ध झाली. ‘मन की बात’ ऐकणाऱ्यांची संख्या तींत कोट्यवधींनीं मांडली आहे. पण त्याच पाहणीप्रमाणें ऐकणाऱ्यांपैकीं टीव्हीवर ऐकणारे शेंकडा ४४.७, मोबाइलवर ३७.६ आणि खुद्द रेडिओवर अवघे १७.६! रेडिओच्या नांवानें चालणारा कार्यक्रम, त्यालाच रेडिओचा श्रोता सर्वांत कमी. सरकारच्या पदरचा हिशेबनीसच असें सांगतो. आम्हीं वेगळें काय सांगावें?

यावर एक उत्तर ठरलेलें असतें. “अहो, काळ बदलला. टीव्ही आला, मोबाइल आला. पक्षपाताशीं याचा काय संबंध?” या उत्तरांत कांहीं खरें आहे, तें आम्ही आधींच मान्य करतों. २००१ च्या खानेसुमारींत देशांतल्या शेंकडा ३५.१ घरांत रेडिओ होता; २०११ सालीं तो १९.९ घरांतच उरला, आणि टीव्ही ३१.६ वरून ४७.२ वर चढला. यंत्र बदललें खरें. पण आज रेडिओ मोबाइलमध्येंच येतो, तो विकत घ्यावाही लागत नाहीं. मग ऐकणारा वाढायला हवा होता! आणि आवाज पोंचत नव्हता म्हणावें, तर नागपुरासच १००० किलोवॅटचें प्रचंड यंत्र उभें होतें. १९८८ सालीं सुरू झालेली ‘नॅशनल चॅनेल’ त्यावरून रात्रभर देशाला ऐकूं येई. २०१९ च्या आरंभीं ती वाहिनी गुंडाळली. मनोऱ्याची उंची कमी पडली नाहीं. जिव्हाळा कमी पडला.

लोकांची रुचि मेली काय? वडशाकडे जा आणि पाहा. दिवाळी सरली कीं भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत झाडीपट्टीचीं नाटकें सुरू होतात तीं होळीपर्यंत. शंकरपट भरला कीं रात्रीं नाटक ठरलेलें. थंडींत घोंगडी पांघरून, पदरचे पैसे देऊन तिकीट काढून, हजारों माणसें उजाडेपर्यंत बसतात. याच मातींतले परशुराम खुणे यांना २०२३ सालीं पद्मश्री मिळाली. त्याच घरांत टीव्ही आहे, त्याच माणसाच्या खिशांत मोबाइल आहे, तरी तो नाटकाला जातो. कारण तेथें त्याची बोली आहे, त्याचें दुःख आहे, त्याचा विनोद आहे. फुकटचा रेडिओ बंद आणि पैशाचें नाटक चालूं, याचा अर्थ साहेबांनीं आपल्या कचेरींत भिंतीवर लिहून ठेवावा.

विनोदावरून आठवलें. आपल्या तमाशांतला सोंगाड्या राजाला, प्रधानाला, पाटलाला सर्वांदेखत टोले मारी आणि राजा खालीं मान घालून ऐके. खडी गंमत घ्या, दंडार घ्या, तीच रीत. विलायतेंत लोक दरसाल फी भरून बी.बी.सी. चालवितात आणि तिच्या करमणुकीच्या कार्यक्रमांत एकाच बाजूची टिंगल होते म्हणून उघड भांडतात. भांडोत बापडे! निदान तेथें भांडण या गोष्टीवर आहे कीं, सत्तेवरचा विनोद दोन्ही बाजूंना सारखा वांटला जातो कीं नाहीं. येथें वांटणीचा प्रश्नच नाहीं, कारण सोंगाड्याच्या तोंडाला कुलूप आहे. मंत्र्यावर हंसायची सोय नाहीं, मग हंसायचें कोणावर? तर खेडवळावर! वऱ्हाडी बोलला कीं तो गडी, झाडीबोली बोलली कीं ती मोलकरीण. आणि शहाणपणाची वाक्यें सारीं पुणेरी बोलींत. ही रीत नाटक-सिनेमांतून आली, रेडिओनें ती मोडायला हवी होती. मुंबई केंद्राच्या ‘प्रपंच’ कार्यक्रमांतले टेकाडे भावजी आणि मीनावहिनी सगळ्या महाराष्ट्रानें प्रेमानें ऐकले, आम्हींही ऐकले. पण मराठी प्रपंच म्हणजे पगारदाराचाच प्रपंच काय? सावकाराची नोटीस आलेलें घर, कापसाचा भाव पडलेलें घर, माग थांबलेलें घर, हे प्रपंच नव्हेत काय? पक्षपात म्हणजे केवळ एका पक्षाची जाहिरात नव्हे. कोणाचें घर दाखवायचें आणि कोणाचें वगळायचें, हाही पक्षपातच, आणि तो अधिक जुना आहे.

कोणी म्हणेल, बहुजनांचा रेडिओ चालेल कशावरून? चाललेला आहे! १९५६ सालीं पुणें केंद्रानें युनेस्कोच्या मदतीनें ‘रेडिओ शेतकरी मंडळां’चा प्रयोग केला. सुमारें दीडशें गांवीं शेतकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत, आणि आपले प्रश्न उलट केंद्राला पाठवीत. ऐका, बोला, करा, असा तो क्रम होता. प्रयोग इतका फळला कीं पुढें तो देशभर नेला. कारण उघड आहे: रेडिओ शेतकऱ्याशीं बोलला एवढेंच नव्हे, रेडिओनें शेतकऱ्याचें ऐकलें. त्याच्या आदल्या वर्षीं, १ एप्रिल १९५५ पासून, त्याच पुणें केंद्रानें वर्षभर ‘गीतरामायण’ ऐकविलें. माडगूळकरांचे शब्द, फडक्यांची चाल, छप्पन्न गाणीं. तीं माजघरांत गेलीं तशीं शेताच्या बांधावरही गेलीं. आम्ही त्याचा मत्सर करीत नाहीं. आमचा प्रश्न साधा आहे. एका कथेला सबंध वर्ष, चांगला कवि, चांगला गायक आणि पुरता पैसा दिला तर काय होतें, हें सरकारी रेडिओनें स्वतःच सिद्ध केलें. मग तेंच वर्ष, तोच मान आणि तोच पैसा जोतीराव-सावित्रीबाईंच्या चरित्राला द्या. गाडगेबाबांच्या कीर्तनाला, तुकडोजी महाराजांच्या खंजिरीला, आंबेडकरी जलशाच्या परंपरेला द्या. जयंतीच्या दिवशीं अर्ध्या तासाचें तोंडदेखलें भाषण नको. वर्षभराचा पाट मांडा.

आतां आमच्या मागण्या स्पष्ट सांगतों. एक: प्रसार भारतीचा कायदा १९९० सालीं झाला, १९९७ सालीं अमलांत आला. त्यांत लोकांच्या तक्रारी ऐकणारी प्रसारण परिषद लिहिलेली आहे; ती कागदावरून उठवून प्रत्यक्ष बसवा, आणि तींत शेतकरी, कारागीर व बाया घ्या. दोन: प्रत्येक केंद्रावर कार्यक्रमांची निवड करणाऱ्या मंडळींत त्या जिल्ह्यांतले लोककलावंत असूंद्या. झाडीपट्टीच्या नटाला आणि शास्त्रीय गवयाला मानधनाचा तराजू एकच ठेवा. तीन: सरकारच्या पुढाऱ्याला जेवढी वेळ, त्याच्या विरोधकाला उत्तर द्यायला तेवढीच वेळ. उद्यां सरकार आमच्या आवडत्या पक्षाचें आलें तरी ही मागणी आम्ही सोडणार नाहीं. चार: कोणता कार्यक्रम किती जण ऐकतात, याचे खरे आंकडे केंद्रवार दरसाल छापा. पांच: सोंगाड्याच्या तोंडाचें कुलूप काढा.

आमचें भांडण रेडिओंत राबणाऱ्या माणसांशीं नाहीं. दिवसाच्या हिशेबानें बोलावल्या जाणाऱ्या निवेदकांचे हाल आम्ही जाणतों. त्यांतले पुष्कळ आपल्याच घरांतले आहेत. आमचें भांडण मिरासदारीशीं आहे. १८७७ सालीं कृष्णराव भालेकरांनीं ‘दीनबंधु’ काढला, १९१० पासून मुकुंदराव पाटलांनीं तरवडीसारख्या खेड्यांतून ‘दीनमित्र’ चालविला, तेव्हां त्यांनीं कोणाची परवानगी मागितली नव्हती. कागद आपला, शाई आपली, मजकूर आपला. आकाशांतल्या लहरींचें मात्र तसें होऊं दिलें नाहीं. त्या लहरी सरकारनें आपल्या खुंटीला बांधल्या. १९९५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निक्षून सांगितलें कीं, या लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत. गायरान जसें सगळ्या गांवाचें, तशा त्या सगळ्या लोकांच्या. गायरानावर एकानेंच कुंपण घातलें तर आपण गप्प बसतों काय?

म्हणून बंधूंनो, कांटा फिरवून स्वस्थ बसूं नका. १९५२ सालीं तेवढेंच करण्याजोगें होतें. आज पोळीचा हिशेब मागण्याची वेळ आहे. ग्रामसभेंत ठराव करा, केंद्राला पत्रें लिहा, खासदार दारांत आला कीं कर्जमाफीबरोबर हाही प्रश्न विचारा. याच नागपुरांत १९२० सालीं शाहू छत्रपतींच्या अध्यक्षतेखालीं बहिष्कृतांची परिषद भरली. याच नागपुरांत १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं बाबासाहेबांच्या हांकेला लाखों माणसें आलीं. त्यांना बोलावण्यासाठीं हजार किलोवॅटचा मनोरा लागला नाहीं. बोलावणाऱ्याच्या आवाजांत त्यांना आपला आवाज ऐकूं आला, म्हणून तीं आलीं. सरकारी रेडिओला श्रोते हवे असतील तर वाट हीच आहे, दुसरी नाहीं.